लाल पिशवी

गाभण काजळी घोडी भर दुपारी आडवी झाली, तेव्हा घरी सून आणि सासूबाई दोघीच होत्या. सून कपडे शिवणारी बाई. घोड्यांचं सगळं नवरा बघायचा आणि तो नेमका बाहेरगावी गेला होता. जाताना वर सांगून गेला, "आठवडाभर तरी काही होत नाही. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

काजळी पाय ताणून कण्हत होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती. सासूबाई तबेल्याच्या दाराशीच थबकल्या. घोड्यांची त्यांना पहिल्यापासून धास्ती. घोड्याला आणि सख्ख्या जावेला पाठ दाखवू नये, असं त्या म्हणायच्या.

सुनेनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"आधी पांढरट, चकचकीत पिशवी दिसेल," त्या म्हणाल्या. "मग पुढचे खूर, मग नाक. नुसतं बघा, हात लावू नका. मी निघालेच."

शेपटीखालून काहीतरी बाहेर येत होतं. पण ते पांढरं नव्हतं. मखमलीसारखं, लालभडक.

"डॉक्टर, हे लाल आहे!"

"वार आधीच गर्भाशयापासून सुटलीय. पिल्लू आत गुदमरतंय. कात्रीनं पिशवी कापा, लगेच! माझी वाट बघितलीत तर ते जगणार नाही."

सुनेनं फोन स्पीकरवर टाकून पेंढ्यावर ठेवला. "घोडीचंच काही कापलं गेलं तर?"

"नाही जाणार. कापा!"

सासूबाई घरात पळाल्या आणि कात्री घेऊन आल्या. नुसत्या आल्या नाहीत, तर आत शिरून घोडीच्या डोक्याशी बसल्या. चेहरा पांढराफटक, तरी हात तिच्या मानेवर. "मी हिला धरते. तू बघू नकोस माझ्याकडे. काप."

रोज कापडाला लावायची तीच कात्री तिनं त्या पिशवीला लावली. पहिल्यांदा कात्री निसटली. दुसऱ्यांदा लाल पडदा चिरला आणि ऊन पाणी कोपरापर्यंत आलं. आतली पांढरी पिशवी तिनं नखांनीच फाडली. दोन खूर लागले, एक जरा पुढे, एक मागे. त्यांवर टेकलेलं नाक.

"कळ आली की ओढा, घोडीच्या मागच्या पायांच्या दिशेनं, खाली," फोनमधून आवाज येत होता.

ती ओढत राहिली. खांदे अडले. "सोडवा हो हिला," असं ती कुणाला म्हणाली, तिलाच कळलं नाही. पुढच्या कळेला सगळं एकदम सुटलं आणि ती शिंगरासकट पेंढ्यात आपटली.

शिंगरू हलेना. जीभ निळसर, मान लुळी. तिनं नाक पुसलं, गोणपाटानं छाती खसाखसा चोळली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. काहीच नाही. सासूबाई तोंडावर पदर धरून बसलेल्या. ती चोळतच राहिली, कारण थांबली असती तर वर मान करून घोडीकडे बघावं लागलं असतं.

मग शिंगरू शिंकलं. बरगड्या एकदा उचलल्या गेल्या, थांबल्या, पुन्हा उचलल्या.

डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा काजळी उभी राहून पिल्लाला चाटत होती. "जगेल असं वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण आजचा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. दूध प्यायला हवं." सुनेच्या हातात अजून गोणपाट होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सुनेनं तो उचलला. सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"आठवडाभर काही होत नाही म्हणे! मेल्या, आधी घरी ये. मग बोलू."