मालकाने हो म्हटलं तरी

ते घर उपनगरात आहे. कुठल्या, ते इथे सांगायचं नाही. तिथला पहिला नियमच तो. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथे राहतात. दुसरा नियम दाराचा: येणं आधी ठरलेलं नसेल तर कुणालाही आत घ्यायचं नाही. ज्यांनी संस्था काढली त्या नलिनीताई दारात उभ्या राहिल्या तरी नाही. एकदा त्या खरंच न कळवता पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेल्या होत्या आणि डब्यासकट परत आल्या. पुढे कितीतरी दिवस तो किस्सा त्या स्वतःच कौतुकाने सांगत होत्या.

संस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं प्रेमा बघायची. गोरेगावच्या कार्यालयात सर्व्हर एकच, दुसरा परवडत नव्हता. त्याच मशीनवर संस्थेची वेबसाइट आणि त्याच मशीनवर बायकांच्या फायली: नाव, माहेर, सध्या मुक्काम कुठे, मूल कुठल्या शाळेत. एक दुकान सगळ्या जगाला उघडं आणि त्याच्याच मागच्या खोलीत लपलेल्या बायका, असा तो संसार. म्हणून प्रेमाने दाराचा नियम मशीनलाही लावला होता. प्रत्येक फाइलवर एक शिक्का, चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर एक शिक्का, आणि कुठल्या शिक्क्याच्या प्रोग्रामने कुठल्या शिक्क्याची फाइल वाचायची ते ठरलेलं. वेबसाइटच्या प्रोग्रामने वेबसाइटपुरतंच वाचायचं. बायकांच्या फायलींकडे वळला की मशीनच्या गाभ्यातूनच नकार. फाइल ज्याच्या नावावर, त्या मालकाने हो म्हटलं तरी नकार. उद्या कुणी वेबसाइट फोडली, तरी चोर त्या एका खोलीतच अडकून पडला असता.

हे नियम लिहिताना तिने जीव ओतला होता, कारण त्यातली एक फाइल जान्हवीची होती. जान्हवी मुलीला घेऊन आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. वेगळी राहत असताना नवरा दारात आला, "पोरीला बघून लगेच जातो" म्हणाला, आणि हिने थोडा वेळ म्हणून कडी काढली. आता ती पोळीभाजी केंद्रात कामाला लागली होती, मुलगी जवळच्या शाळेत रुळली होती, आणि घराचं दार सांभाळायचं काम तिने मागून घेतलं होतं. नवरा अजून शोधत होता. तिच्या माहेरी त्याचे फोन चालूच होते.

संस्थेचा वर्धापनदिन विलेपार्ल्याच्या एका सभागृहात होता. मिहिर नावाच्या स्वयंसेवकाने वेबसाइटवर नवं पान केलं होतं. लोकांनी तिथे आपले फोटो आणि शुभेच्छा टाकायच्या, आणि त्या पडद्यावर दिसायच्या. ऐन वेळी काहीच दिसेना. मिहिरने जुने फोटो कॉपी न करता उचलून हलवले होते, आणि हलवलेली फाइल आपला जुना शिक्का घेऊनच येते, म्हणून वेबसाइटला ते फोटो वाचता येईनात. प्रेमाने तिथूनच लॅपटॉपवर शिक्के नव्याने मारले, फोटो दिसले. शुभेच्छांचा फॉर्म मात्र अडूनच बसला. त्याला नवा नियम लिहायला हवा होता, आणि नियम घाईत लिहायचा नसतो.

"ताई, परमिसिव्ह करा ना तात्पुरतं," मिहिर म्हणाला. "सगळे तेच करतात यार."

परमिसिव्ह म्हणजे नियम मोडला की मशीनने नोंद करायची, पण अडवायचं नाही. चोराचं नावगाव लिहून घेऊन त्याला आत सोडणारा वॉचमन. स्टेजवरून नलिनीताईंनी हाक मारली, "प्रेमा, पाहुणे ताटकळलेत गं. कर ना काहीतरी!"

प्रेमाने केलं. फॉर्म झकास चालला. टाळ्या पडल्या, तिचाही सत्कार झाला, मग जेवणं, मग आवराआवर. तात्पुरतं हा शब्द ज्याने काढला, त्याने या जगाचं फार वाटोळं केलंय. तात्पुरता काढलेला नियम परत लावायचा असतो हे घरी पोचेपर्यंत प्रेमाच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्यावर आठवण झाली आणि तिने नोंदी उघडल्या. लोक जेवत असताना कुणीतरी त्या नव्या फॉर्ममधूनच आत शिरलं होतं आणि बायकांच्या फायली एकामागून एक वाचून गेलं होतं. प्रत्येक फाइलीला मशीनने तक्रार नोंदवली होती, आणि प्रत्येक वेळी वाट दिली होती. तिने नियम परत लावला, वेबसाइट बंद केली आणि नलिनीताईंना सांगितलं.

"कुठला तरी लांबचा भुरटा असेल गं," नलिनीताई म्हणाल्या. "त्याला आपल्या बायकांशी काय करायचंय?"

"असेलही, ताई. नसेलही. मला माहीत नाही."

नलिनीताईंनी गाडीची किल्ली उचलली. "मग बायकांना तिथून हलवायलाच हवं. फोनवर घराचं बोलायचं नाही. तू जा, मी गाडी घेऊन येते."

जिना चढून प्रेमाने त्या घराचं दार वाजवलं. आत जान्हवीच होती.

"ताई, तुम्ही? आज तुमचं येणं ठरलेलं नाही."

"जान्हवी, उघड गं. महत्त्वाचं आहे."

"ओळखते मी तुम्हाला. पण नाही उघडणार. तिथूनच बोला."

प्रेमा दाराला तोंड लावून, आवाज खाली ठेवून बोलली. मिहिरवर ढकललं नाही, नलिनीताईंवरही नाही. "तुमच्या फायलींचं दार काल उघडं राहिलं. माझ्या हातून. थोडाच वेळ म्हणून उघडलं होतं."

"कोण आलं आत?"

"माहीत नाही."

"या घराचा पत्ता होता?"

"होता. शाळेचाही."

आत स्टूल पडल्याचा आवाज झाला. "पोर शाळेत आहे, ताई."

"नलिनीताई गाडी घेऊन निघाल्यात. त्यांना सांगते, शाळेतून परस्पर घेऊन..."

"नाही देणार त्यांच्याकडे. शाळेला सांगून ठेवलंय. माझ्याशिवाय कुणाच्याही हातात द्यायची नाही. मीच जाते." मग अगदी दाराजवळून ती म्हणाली, "थोडाच वेळ, ना ताई? मीही तेवढाच वेळ कडी काढली होती."

प्रेमाला रडू कोसळलं. तिने शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

"तुम्ही खाली जा आधी," जान्हवी म्हणाली. "तुम्ही गेलात की मग मी उघडेन."

प्रेमा जिना उतरू लागली. ती थेट खाली पोचेपर्यंत वरची कडी निघाली नाही.