काकांची नेमणूक

"काकू, जाऊन आलात का?"

फिजिसिस्ट भिंतीवरच्या इंटरकॉममध्ये ओरडला. इंटरकॉम चांगला चालत होता, ओरडायची गरज नव्हती. पण मध्ये शिसं भरलेली भिंत आहे म्हटल्यावर माणूस आपसूक ओरडतो.

"आत्ताच तर आले."

"बरीच झाली का?"

"अरे मीटर, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनीसुद्धा मला कधी असलं काही विचारलं नाही."

"अजून दोन ग्लास प्या आणि परत जा."

मीटर हे त्याचं इस्पितळातलं नाव. खरं नाव पगार काढणाऱ्यांना माहीत होतं. या विभागात थायरॉईडच्या कॅन्सरच्या पेशंटना किरणोत्सारी आयोडीनची गोळी देत. गोळी गिळली की पेशंटच्या अंगातूनच किरण बाहेर पडू लागत, म्हणून त्याला जाड भिंतींच्या खोलीत एकटं ठेवत. सकाळ-संध्याकाळ फिजिसिस्ट दारात उभा राहून किरण मोजायचा मीटर धरी. आकडा मर्यादेच्या खाली आला की पेशंट सुटे. तोवर जवळ कुणी जायचं नाही. आयोडीन घामातून येतं, थुंकीतून त्याहून जास्त येतं, त्यामुळे पेशंटचा उष्टा चमचासुद्धा खोलीतच राही. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नसे. काकू चमकत नव्हत्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दिवे बंद करून खात्री करून घेतली होती.

इस्पितळात येण्याआधी तो अतिथंड अणूंच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता. तिथलं काम सांगायला सोपं होतं. अणूंवर चारी बाजूंनी लेझरचा मारा करायचा. मारा केला की कुणीही पळत सुटतं, अणू मात्र सावकाश होतो. असे सावकाश झालेले अणू म्हणजेच थंड अणू. एका काचेच्या डबीत अवकाशाहूनही थंड असा त्यांचा ढग तयार होई, आणि खोलीचा एसी बिघडलेला असल्यामुळे संशोधक बनियनवर बसलेले असत. ढग टाचणीच्या टोकाएवढा. शेजारी कुणी खुर्ची सरकवली तरी विस्कटून जाई. एका हिवाळ्यात आपल्याला सर्दी झाली, शिंकांनी ढग टिकेना आणि पीएचडी राहिली, असं तो लोकांना सांगे. खरं कारण लांबलचक आणि कंटाळवाणं होतं. त्याची आई शेजाऱ्यांना सांगे, "डॉक्टरांच्यातच असतो तो." हे वाक्य कितीही तपासलं तरी खोटं निघत नसे.

आयोडीनला मात्र ना सावकाश करता येत होतं, ना घाई करता येत होती. ते आठ दिवसांत निम्मं होतं. त्याला तापवा, गोठवा, वरून फोन करवा, साहेबांच्या मेहुण्याची ओळख सांगा, ते आठच दिवस घेतं. वशिला अजिबात चालत नाही अशी त्याच्या पाहण्यात आलेली ही एकमेव गोष्ट. घाई करता येते ती शरीराला: भरपूर पाणी प्यायचं आणि बाहेर टाकायचं. त्यामुळे अणूंना जागच्या जागी थांबवायला शिकलेला माणूस आता दिवसभर लोकांना बाथरूमला पिटाळत असे.

काकूंच्या बाबतीत शरीरही घाईला तयार नव्हतं. थायरॉईड काढून टाकल्यावर काही आठवडे सगळंच मंदावतं, तशा त्या मंदावल्या होत्या. आकडा उतरत होता, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिना उतरावा तसा.

आणि वरच्या मजल्यावर, छातीच्या विभागात, काका होते.

काकांची फुप्फुसं बरीच वर्षं कामचुकारपणा करत होती. घरी दोघंच. ऑक्सिजनची नळी, कफ काढायचं यंत्र, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं काकूच करत. स्वतःच्या उपचाराची तारीख त्यांनी ह्याच कारणाने दोनदा पुढे ढकलली होती. शेवटी दोघांनाही एकाच इस्पितळात भरती करायचं ठरलं. गोळी हातात घेऊनसुद्धा काकू थबकल्या होत्या. "ह्यांचं काही झालं तर?" त्यांनी विचारलं होतं, आणि फिजिसिस्ट म्हणाला होता, "काका मजेत आहेत, काकू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. घेऊन टाका." असं बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नव्हता. काका मजेत असल्याची माहितीही त्याला लिफ्टमध्ये मिळाली होती.

दुपारी छातीच्या विभागाच्या मोठ्या सिस्टर खाली आल्या. त्या फोन करण्याऐवजी स्वतः आल्या, तेव्हाच त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"काकांचं आता काही खरं नाही," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतायत, आज-उद्या. श्वासाच्या मशिनवर घालायचं नाही असं काकांनी स्वतःच मागं सांगून ठेवलंय. काकूंना सांगायला हवं."

"तुम्ही सांगा."

"का? तुझी पेशंट आहे."

"माझे पेशंट नसतात, सिस्टर. माझी रीडिंगं असतात."

"मग रीडिंगला सांग," सिस्टर म्हणाल्या आणि इंटरकॉमचं बटण दाबून त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्याने सांगितलं. या वेळी तो ओरडला नाही.

"आणखी पाणी पाठव," काकू म्हणाल्या.

त्याने दारातून पाण्याचा जग आत सरकवला. काकूंनी तो उभ्या उभ्या संपवला. दुसरा दिला, तोही संपवला. मग त्या खोलीत फेऱ्या मारू लागल्या, जणू चालल्याने काही फरक पडेल. बाथरूममध्ये गेल्या, आल्या, अंघोळ केली, पुन्हा पाणी प्यायल्या. एका माणसाच्या मरणाशी दुसऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांची शर्यत लागली होती, आणि पंच म्हणून फिजिसिस्ट दारात मीटर धरून उभा होता.

"बघ," दारासमोरच्या खुणेवर उभं राहत काकू म्हणाल्या. त्यांचे केस ओले होते.

त्याने बघितलं.

"किती दिवस?"

"तीन. कदाचित चार."

"नीट धर की जरा."

"नीटच धरलाय, काकू."

काकू पुन्हा पाण्याच्या जगाकडे वळल्या. तो विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

मॅडम वाईट नव्हत्या. नियम बनवणाऱ्या समितीवर त्या स्वतः होत्या, इतकंच.

"काकूंना वर नेता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथं बाकीचे पेशंट आहेत."

"मग काकांना खाली आणू. काकूंच्या खोलीत."

"आणि काकांना किरणांचा डोस बसेल त्याचं काय? त्यातून वीस वर्षांनी कॅन्सर होण्याची शक्यता..."

मॅडम थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनी मनातल्या मनात ऐकलं असावं.

"वीस वर्षांनी," फिजिसिस्ट म्हणाला.

"नियमात पेशंट किती दिवस जगणार आहे त्याचा रकाना नसतो. आणि आत त्यांचं बघणार कोण? माझ्या नर्सेसना मी त्या खोलीत बसू देणार नाही."

"काकू बघतील. नाहीतरी इतकी वर्षं त्याच बघतायत."

"त्या पेशंट आहेत. पेशंटने पेशंटला बघायचं अशी सोय नाही. पेशंटजवळ फक्त देखभाल करणारी व्यक्ती जाऊ शकते. घरची असावी, धोका समजून घेतलेला असावा आणि स्वखुशीने आलेली असावी."

दोघांनाही एकदमच तेच सुचलं. पण असलं काही पहिल्यांदा आपल्या तोंडून निघू नये, असं दोघांनाही वाटत होतं.

"काका घरचेच आहेत," शेवटी फिजिसिस्ट म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "त्यांना नीट समजावून सांग," त्या म्हणाल्या. "साक्षीला सिस्टर असू देत."

काका उशांना टेकून होते. तोंडावर मास्क होता, डोळे मात्र टक्क उघडे. फिजिसिस्ट पलंगाशी वाकला.

"काका, काकू खाली ॲडमिट आहेत. त्यांच्या अंगातून सध्या किरण बाहेर पडतायत. त्यांच्याजवळ बसलं तर तुम्हाला पुढंमागं त्रास होऊ शकतो."

काकांनी 'पुढंमागं' या शब्दावर भुवई उचलली.

"तरीपण त्यांची देखभाल करायला तुम्ही स्वखुशीने तयार आहात का?"

काकांनी मास्क बाजूला केला. "मला... स्वयंपाक येत नाही."

"स्वयंपाक नाही करायचा."

"मग चालेल," काका म्हणाले आणि मास्क परत लावला.

"ऐकलंत ना, सिस्टर?"

"ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना नाक पुसायचं होतं, पण दोन्ही हातांत ऑक्सिजनचा सिलिंडर होता.

पलंग दोघांनी मिळून ढकलला. काकूंना बाथरूममध्ये थांबायला सांगितलं होतं, म्हणजे तेवढा वेळ मध्ये एक भिंत राहील. फिजिसिस्टने पलंग भिंतीला लावला, सिस्टरनी नळ्या जोडल्या, कफ काढायचं यंत्र हाताशी ठेवलं, हातमोज्यांचा खोका उशाशी ठेवला, आणि दोघं चोरासारखे बाहेर पळाले.

"आता या," इंटरकॉमवरून फिजिसिस्ट म्हणाला.

खोलीच्या दाराला जाड, पिवळसर काच होती. काचेतून काकू येताना दिसल्या. त्या धावल्या नाहीत. आधी त्यांनी पलंगाचा ब्रेक लावलाय का ते पायाने चाचपलं, मग उशी सरळ केली, मग काकांकडे पाहिलं.

"देखभाल करायला आलायत म्हणे," त्या म्हणाल्या. इंटरकॉम चालूच होता.

काकांनी मान हलवली.

"कधी उठून पाण्याचा ग्लास दिला नाहीत. आज द्या बघू."

काकांचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला. टेबलावरच्या ग्लासाच्या दिशेने थोडा गेला आणि मध्येच दमून थांबला. काकूंनी ग्लास उचलला, त्या हातात ठेवला, बोटं मिटवली, वरून स्वतःचा हात धरला आणि तसाच ग्लास तोंडाला लावून सगळं पाणी प्यायल्या. थोडं दोघांच्या हातांवर सांडलं.

"मीटर, लिही रे," त्या म्हणाल्या. "एक ग्लास ह्यांनी दिला."

"काकू, हातमोजे घाला," सिस्टर म्हणाल्या.

"घालते कफ काढताना. एरवी नको. हातमोजे घातले की ह्यांना वाटतं डॉक्टर आला, मग उगाच बरं वाटल्यासारखं करतात."

फिजिसिस्टने इंटरकॉम बंद केला. नियमाप्रमाणे तो चालू ठेवायला हवा होता. "त्यांना लागलं तर त्या बटण दाबतील," असं तो सिस्टरना म्हणाला, आणि सिस्टरनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली. ती कशासाठी हे त्याला कळलं नाही.

संध्याकाळी मीटर धरायला तो गेला तेव्हा काकू खुणेवर आल्या नाहीत. काचेतून त्यांनी नुसता हात हलवला, नंतर ये. त्या संध्याकाळचं रीडिंग विभागाच्या इतिहासात कोरं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सफाईवाले फरशी पुसत असताना, इंटरकॉम वाजला.

"मीटर," काकू म्हणाल्या. "हे गेले."

डॉक्टर येऊन जे बघायचं ते बघून गेले, सिस्टर मात्र थांबल्या. आता एक काम फक्त फिजिसिस्टचं होतं. त्या खोलीतून चमचासुद्धा तपासल्याशिवाय बाहेर जात नसे, आणि त्याला माणूसही अपवाद नव्हता. काकूंच्या शेजारी मीटर धरून उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे बाकी काही ऐकूच आलं नसतं. म्हणून पलंग दाराबाहेर, कॉरिडॉरच्या टोकाला आणला. काकू आत काचेशी उभ्या राहिल्या.

फिजिसिस्टने नवे हातमोजे घातले आणि पायांपासून सुरुवात केली. तळवे शांत. गुडघे शांत. पोट शांत. छातीवर, जिथे नळीची पट्टी होती, तिथे मीटर दोन-चारदा टिकटिकला आणि गप्प झाला. डावा हात शांत. उजव्या तळव्याशी आल्यावर तो एकदम वाजू लागला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

मर्यादेच्या वर होतं. त्याने ओला कापूस घेऊन तळवा पुसला. बोटांच्या बेचक्या पुसल्या. कापूस पिशवीत टाकला, पुन्हा मोजलं, पुन्हा पुसलं. टिकटिक विरळ झाली. पुसताना त्याला वाटत होतं की आपण काहीतरी चुकीचं करतोय, पण पद्धत बरोबर होती.

मग मान. डाव्या कानामागे थोडं. आणि कपाळाच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, पुन्हा बारीक, सलग टिकटिक.

आजूबाजूला त्याने मीटर फिरवून पाहिला. भुवया शांत, केस शांत. फक्त तेवढीच जागा.

"कुठं कुठं वाजतंय?" भिंतीवरच्या इंटरकॉममधून काकूंचा आवाज आला.

"हाताला होतं, काकू. ते पुसलं."

"ते पाण्याचं. आणखी?"

"डाव्या कानामागं थोडं आहे."

"तिथं मास्कचा पट्टा रुतत होता, म्हणून बोटाने चोळत होते. आणखी?"

"कपाळावर."

काचेपलीकडे काकू दुसरीकडे बघत होत्या. कपाळाबद्दल त्यांनी काही खुलासा दिला नाही.

सिस्टरनी कापसाचा बोळा भिजवून पुढे केला. फिजिसिस्टने आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"मर्यादेच्या आत आहे," तो म्हणाला. "पुसायची गरज नाही."

त्याने मीटरचा आवाज बंद केला, आणि सिस्टरनी चादर वर ओढली.