परवानगीचा रकाना

दोन डिसेंबर, मंगळवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या वाडीच्या एकेचाळीस बायका तळ्यावरच्या बंगल्याच्या फाटकाशी आल्या आणि फाटक उघडलं नाही.

किल्ली केरबा पडवळच्या कमरेला होती. केरबा फाटकाच्या आत उभा होता.

बंगला लोणावळ्याच्या अंगाला, तळ्याच्या काठी. मुंबईच्या एका पारशी कुटुंबाने तो शंभरेक वर्षांपूर्वी बांधला. वाडीत त्याला अजून पारशाचा बंगला म्हणतात. तीन वर्षांपासून तो एका इव्हेंट कंपनीकडे भाडेपट्ट्याने आहे. लग्न, साखरपुडा, कंपन्यांच्या पार्ट्या. व्हरांड्यातले बर्माटिकचे खांब आणि पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ यांचे फोटो पाहूनच लोक वर्षभर आधी तारीख धरतात. केरबा वरच्या वाडीचाच. वयाच्या एकतिसाव्या वर्षी रखवालदार म्हणून लागला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तो आणि त्याची बायको सरूबाई बंगल्याच्याच आवारात, गॅरेजमागच्या दोन खोल्यांत राहतात.

हिरवळ जिथे संपते तिथे पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात देव्या. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या मंगळवारी वाडीच्या बायका त्यांना दहीभात, खण आणि बांगड्या घेऊन जातात. सगळं एका टोपलीत असतं. टोपली घरातून डोक्यावर निघाली की वाटेत टेकवायची नाही आणि माघारी न्यायची नाही. एक बाई दमली की दुसरीने डोक्यावर घ्यायची. पुरुषाने हात लावायचा नाही. आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत ती पाण्याला पोचली पाहिजे.

कंपनीच्या पहिल्या दोन वर्षी त्या मंगळवारी बंगला रिकामा होता. केरबाने फाटक उघडलं, बायका आत गेल्या, परत आल्या. तारीख अडवून ठेवा असं कोणाला सांगावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ती कधी कोणी सांगायची गोष्टच नव्हती. यंदा दोन आणि तीन डिसेंबर ठाण्याच्या एका कुटुंबाने जानेवारीतच घेतले. मंगळवारी हळद, बुधवारी लग्न. केरबाला ते कळलं आठ दिवस आधी, डेकोरेशनवाल्याची गाडी आली तेव्हा.

त्याने सुहासला गाठलं. सुहास कंपनीचा मॅनेजर, वराळ्याचा, बत्तीस वर्षांचा. केरबाला तो मामा म्हणतो आणि दिवाळीला न चुकता खोलीवर येऊन पाया पडतो. त्याने ऐकून घेतलं, नवरीच्या वडिलांना फोनही केला. ते म्हणाले, आवार दोन दिवस फक्त आमचं, असं करारात लिहिलंय. बाहेरचं माणूस नको. मग सुहासने सुचवलं की बायकांनी गुरुवारी यावं, तो स्वतः चहापाण्याची व्यवस्था करील.

केरबा तो निरोप घेऊन वाडीत गेला. धोंडाबाई चौऱ्याहत्तर वर्षांची, टोपली तिच्याच घरातून निघते. तिने निरोप ऐकला आणि हसली. म्हणाली, "त्यापरीस हळद गुरवारी लावा म्हनावं. पोरगी काय, कवाबी पिवळीच व्हनार हाय."

मंगळवारी फाटकाशी सगळ्यांत पुढे तीच होती. टोपली तिच्या सुनेच्या डोक्यावर होती.

"केरबा, किल्ली हरवली का रं?"

"न्हाई. हाय की."

"मंग हात हरवला असंल."

बायका हसल्या. केरबाही कसनुसा हसला आणि सुहासला फोन लावायला जरा बाजूला गेला. सुहास म्हणाला, दोन वाजता पाहुणे जेवायला आत जातील, तेव्हा सोडू. केरबाने सांगितलं, बाराच्या आत व्हायला हवं. सुहास म्हणाला, बघतो. साडेदहाला पुन्हा फोन केला तेव्हाही बघतो म्हणाला. हिरवळीवर ढोल सुरू झाला होता, त्यात पुढचं ऐकू आलं नाही.

बायका उभ्याच राहिल्या. टोपली एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जात होती. दहीभात जड होता, ऊनही तापू लागलं होतं. कोणी आरडाओरडा केला नाही. कोणीतरी बोलावल्यामुळे पोलिसांची गाडी येऊन गेली. शांतता आहे असं पाहून गेली.

अकरा वीसला सरूबाई खोलीतून बाहेर आली. पहाटे न्हाऊन, नवं लुगडं नेसून ती बसली होती. दरवर्षी बायका आत आल्या की ती त्यांच्यात मिसळायची. ती फाटकापर्यंत गेली, नवऱ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि फाटकाशेजारच्या छातीएवढ्या भिंतीवरून दोन्ही हात वर केले.

"द्या हिकडं."

धोंडाबाई म्हणाली, "सरू, तू आतली. वाट आमची ऱ्हाती बग बाहिर."

"बारा वाजतील मावशी."

धोंडाबाईने वर सूर्याकडे पाहिलं. मग तिने सुनेला खूण केली. टोपली भिंतीवरून सरूबाईच्या डोक्यावर आली.

सरूबाई एकटी हिरवळीवरून चालत गेली. फोटोग्राफरांना तो हळदीचाच भाग वाटला. तिघे तिच्यापुढे उलटं चालत फोटो काढत राहिले. नवरीच्या मावशीने हात जोडले. पाण्याच्या कडेला डेकोरेशनवाल्याने हिरवा गालिचा पसरला होता. सरूबाईने त्याचा कोपरा उलटला, खालचे सात दगड मोकळे केले, आणि टोपली टेकवली. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

ती फाटकाशी परत आली तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

शुक्रवारी वाडीची बैठक झाली. सोमवारी वडगावला तहसीलदारांकडे अर्ज पडला: वहिवाटीची वाट अडवली, खुली करून मिळावी. अर्ज कान्ह्याचे वकील संदेश गायकवाड यांनी लिहिला. बैठकीत त्यांनी लोकांना समजेल असं सांगितलं होतं. वाट जुनी आहे एवढं पुरत नाही. लोक कोणाला न विचारता, आपला हक्क म्हणून जात होते, हे दिसलं पाहिजे. कोणी मेहेरबानी म्हणून आत सोडत असेल, तर मेहेरबानी थांबवताही येते.

म्हातारी माणसं म्हणाली, कोणाला विचारायचा प्रश्नच कुठे होता?

त्याच आठवड्यात सुहास केरबाच्या खोलीवर आला. फाटकावरच्या ये-जा नोंदीच्या जुन्या वह्या आहेत का, असं विचारलं. केरबाने पलंगाखालची पेटी ओढली. एका वर्षाला एक, अशा एकतीस वह्या. त्याने प्रत्येक वही फडक्याने पुसली, वर्षांप्रमाणे लावली आणि सुहासच्या गाडीत नेऊन ठेवली. एकाही वहीचं पान फाटलेलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. सुहासने वह्या कशाला हव्यात ते सांगितलं नाही. केरबाने विचारलंही नाही.

पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी त्या वह्या तहसीलदारांसमोर मांडल्या. प्रत्येक वहीत मार्गशीर्षातल्या त्या मंगळवारी कागदाची चिठ्ठी लावलेली होती. त्यांनी वाचून दाखवलं: वाडीच्या बायका, एकूण अडतीस, पूजेसाठी आत सोडल्या. परवानगी: मालकीणबाई. पुढच्या वर्षी, एकूण चाळीस, परवानगी: मालकीणबाई. बाई गेल्यानंतरच्या वर्षांत, परवानगी: मालक. मागच्या दोन वर्षी, परवानगी: कंपनी. एकतीस वेळा, एकाच अक्षरात.

धोंडाबाई मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर तिने संदेशला विचारलं, "ही परवानगी मागितली कुनी व्हती?"

त्याचं उत्तर वाडीत कोणाकडे नव्हतं. ते ज्याच्याकडे होतं तो त्या दिवशी बंगल्यावर एका साखरपुड्याच्या गाड्या लावून घेत होता.

संदेश चार दिवसांनी त्याला भेटायला आला. आवारात नको म्हणून दोघे तळ्याच्या बाहेरच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवर बसले. केरबाने जे झालं ते सांगितलं. तो कामाला लागला त्या आठवड्यात खोर्शेदबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मालकीणबाईंनी, त्याला वही दिली. रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. तारीख, नाव, किती माणसं, काम, परवानगी कोणाची. वर सांगितलं, नोंद केल्याशिवाय मुंगीही आत येता कामा नये आणि एकही रकाना रिकामा राहता कामा नये. नोकरी नवी होती. पहिल्याच मार्गशीर्षात बायका आल्या तेव्हा तो वही घेऊन व्हरांड्यात गेला आणि परवानगी कोणाची लिहू, असं विचारलं.

"काय म्हणाल्या?" संदेशने विचारलं.

"म्हनल्या, अरे केरबा, त्या देव्या इथे माझ्या आजोबाच्या आधीपासून बसल्या. मी कोण परवानगी देणारी? मीच त्यांच्या परवानगीने राहते."

"मग तुम्ही त्यांचं नाव का लिहिलंत?"

केरबाने कप खाली ठेवला. "रकाना रिकामा कसा ठेवू?"

संदेशने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "हे असंच्या असं तहसीलदारांसमोर सांगाल का?"

केरबा म्हणाला, विचार करतो.

विचार करण्याजोगं बरंच होतं. हे सांगायचं म्हणजे एकतीस वर्षं आपण कोणी न दिलेली परवानगी वहीत लिहिली, असं सांगायचं. त्याच्यावर आजवर कोणी चोरीचा आळ घेतला नव्हता, खोटेपणाचाही नाही, आणि त्याला कारण त्या वह्याच होत्या. दोन खोल्या कंपनीच्या होत्या. वाडीतलं घर थोरल्या भावाकडे, तिथे आता पडवीतसुद्धा जागा नव्हती. सुहास एका संध्याकाळी येऊन पलंगाच्या कडेवर बसला आणि नेहमीसारखाच हळू बोलला.

"मामा, तुम्हाला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये. वही दाखवतील. अक्षर माझं आहे म्हणायचं. विचारलं तेवढंच सांगायचं. बस."

"आन् इचारलंच न्हाई तर?"

"तर बोलायचंच नाही."

सुहास गेला. सरूबाई चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं होतं. वाडीत तिला कोणी बोलवेनासं झालं होतं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला धोंडाबाईच्या घरून निरोप आला नाही. सरूने टोपली आतून नेली, तिथेच वाट बुजली, असं बोललं जात होतं. कंपनीच्या वकिलांनी त्या दिवशीचे फोटोही लावले होते: पूजा सालाबादप्रमाणे झालेली आहे, कोणीही अडवलेलं नाही.

तिने भाकरी ताटात वाढली आणि उभ्यानेच बोलली.

"मी टोपली न्हेली ती आसरांसाठी. तुमी वही लिवली ती कुनासाठी?"

"रकाना व्हता," केरबा म्हणाला.

"व्हय. ह्ये बी लिवा मंग तितं."

त्यापुढे दोघांत त्या विषयावर बोलणं झाल्याचं कोणाला माहीत नाही.

साक्षीचं समन्स जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. तारीख होती सत्तावीस. सुहासने गाडी पाठवतो म्हटलं. संदेशनेही फोन करून, कामशेतला उतरा, मी न्यायला येतो, असं सांगितलं. केरबाने दोघांनाही नको म्हटलं. सकाळची लोकल धरून तो एकटाच वडगावला उतरला आणि चालत तहसील कचेरीत गेला. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वाडीची नऊ माणसं एका बाजूला उभी होती, कंपनीचे वकील आणि सुहास दुसऱ्या बाजूला. केरबा मधल्या खांबापाशी, पाण्याच्या पिंपाजवळ थांबला. धोंडाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिने टोमणा मारला नाही. त्यानेही मान खाली घातली नाही.

दुपारी सव्वाबाराला शिपायाने बाहेर येऊन सांगितलं की साहेब निवडणुकीच्या कामावर गेलेत, आज एकही साक्ष होणार नाही.

पुढची तारीख चोवीस फेब्रुवारीची मिळाली आहे. साक्षीदारांच्या दोन याद्या दाखल आहेत, एक अर्जदारांची आणि एक कंपनीची. केरबा पडवळचं नाव दोन्ही याद्यांत पहिलं आहे.