गमबुटाला घरात थारा नको!

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुना गमबूट आहे, उजव्या पायाचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. पण माझी नेमणूक झाली सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर. साऱ्या शहराच्या मोऱ्या आणि संडास जिथे येऊन मिळतात, तिथे मी वर्षानुवर्षं गाळात उभा राहिलो. लाज कसली त्यात? मी होतो म्हणून माझ्या धन्याचे पाय शाबूत राहिले.

धनी तिथे ऑपरेटर. कामाला वाघ! "बूट असावा तर असा," म्हणत मला थोपटायचा.

तिथली रीत मात्र उफराटी. बूट चोरीला जातात, म्हणून ज्याचे त्याने घरी न्यायचे. सुटी झाली की धनी मला शेवटच्या टाकीतल्या पाण्याने धुवायचा, आणि कुंड्यांसाठी त्याच पाण्याचा कॅन भरून घ्यायचा. ते पाणी झाडांसाठी ठीक. दिसायला नितळ, पण जंतू काय डोळ्यांना दिसतात? मी ओरडलोही असतो, पण रबराला कुठलं आलंय तोंड!

धन्याची लेक छकुली नुकतीच रांगायला लागली होती. एकदा तिने मला घराच्या कोपऱ्यात गाठलं आणि आई धावत येईपर्यंत माझा चवडा मनसोक्त चोखला. मग जुलाब, उलट्या. पोर पार मलूल झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या पोटात घाण गेलीय."

"आग लागो त्या बुटांना!" घरी येताच धन्याची बायको कडाडली.

"अगं, रोज धुऊन आणतो की! पाणी बघ, कसं काचेसारखं आहे."

तिने कॅनमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "हो ना? मग पी."

पेला ओठांपाशी गेला आणि तिथेच थांबला. धन्याने ते पाणी कुंडीत ओतून टाकलं.

औषधाने छकुली सावरली. धनी कामावर गेला आणि सुटी झाल्यावर त्याने मला प्लँटच्या दारातच उतरवलं. साबणाने हातपाय खसखसून धुतले, चपला घातल्या.

सुपरवायझर म्हणाले, "अरे, बूट चोरीला गेले तर?"

"गेले तर गेले, साहेब. लेक एकच आहे माझी."

मित्रांनो, मला हिणवू नका आणि माझे लाडही करू नका. नितळ पाण्यावर भुलू नका, हात साबणाने धूत जा. तुमची घाण मी उद्याही छाती काढून तुडवीन. पण कुणाच्या लेकराच्या घरात पाऊल टाकायला सांगाल, तर साफ नाही म्हणेन!