‘पुसू नये’ अशी एक चौकट

दिनांक : रिकामा. सुविचार : पुसलेला.
पट : ३. हजर : ३.

मित्रांनो, आपण किती जुने आहोत, हे माझ्यासारख्या वस्तूने आधी सांगायचे असते. मला ते सांगता येत नाही. माझ्यावर रोज तारीख लिहिली गेली आणि रोज पुसली गेली.

फणसाच्या तीन फळ्या जोडून केलेला मी एक फळा आहे. कुडाळच्या पुढे सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, एक हायस्कूल आहे, तिथला. हरिश्चंद्र सुताराने बॅटरीच्या जुन्या सेलांमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला चोळली आणि हेडमास्तरांना म्हणाला, “हो आता तुमच्या नातवांका पुरतलो.” पुरलोही असतो. माझ्यावर अक्षर उठून दिसते, असे सगळे शिक्षक म्हणायचे. मग भिंतीवर पांढरा गुळगुळीत फळा आला आणि मी गुंडाळलेल्या नकाशांशेजारी जाऊन उभा राहिलो. किती वर्षे, तेही पुसलेले आहे.

मला बाहेर काढले गुरुदास सरांनी. एका संस्थेची योजना आली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे तीन विषय अकरावी-बारावीतच करायचे : भूगोल, अर्थशास्त्र, गणित. तिन्ही सुटले तर बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एक जरी राहिला तर काहीच धरायचे नाही.

आमच्याकडे अकरावी-बारावीला फक्त कला शाखा. सर भूगोलाचे. अर्थशास्त्र ते वाचून शिकवू शकत होते. गणिताला कोणीच नव्हते. तरी तिघांनी नावे दिली : विराज, किशोरी आणि गौरजा. सरांनी पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्यावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि माझे तीन भाग केले.

डावा भाग : भूगोल

इथे लिहिलेले बरेचसे बरोबर होते. म्हणून इथे गौरजाच्या वडिलांचे सांगतो. ते पहिल्याच आठवड्यात आले होते. बाबली त्यांचे नाव. काजूची थोडी झाडे, थोडे भात.

“सर, चेडवाक शिकाक कोल्हापुराक ठेवतलंय, माझ्या भयणीकडे,” ते म्हणाले. “तिच्या घोवाक क्वार्टर आसा. पण चेडवाची बारावी झाली काय त्याच्या नोकरीची दोनच वर्षां रवतली. मगे तो रिटायर.”

“मग तिसऱ्या वर्षी होस्टेलला ठेवा.”

“होस्टेलात मी धाडूचंय नाय. दोन म्हणजे दोन.”

“डिग्री तीन वर्षांची असते, बाबली.”

“म्हणान तर तुमच्या वर्गाक पाठवलंय.”

म्हणजे हे पहिले वर्ष गौरजाला माझ्यासमोरच पुरे करायचे होते. दुसरी वाट नव्हती.

मधला भाग : अर्थशास्त्र

इथे वर्गाची रीत सांगतो. गणिताचे पुस्तक सावंतवाडीहून दोन दिवसांसाठी मिळाले. कुडाळला त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. सर शेवटच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, “ह्यातला माका काय कळणा नाय. मी चौथो विद्यार्थी. तुम्ही शिकवा.”

बरोबर-चूक ठरवायला कोणी नव्हते, म्हणून सरांनी नियम केला. तिघांचे उत्तर जुळले की ते बरोबर. नाही जुळले तर हात वर करायचे. ठरलेली गोष्ट उजवीकडे वर चौकटीत लिहायची आणि खाली लिहायचे, ‘पुसू नये’. मोबाईल होते, मुले त्यावर गणिताचे व्हिडिओही बघत. पण चौकटीत गेलेले कोणी पुन्हा बघत नसे. ते झालेले होते.

सर चांगला माणूस. हे लिहून ठेवा.

उजवा भाग : गणित

त्या दिवशी ‘कॉस’च्या वक्राचा उतार सांगणारे सूत्र काढायचे होते. गौरजाने माझ्यावर त्याची एक लाट काढली. खडूचा आवाजही झाला नाही.

“बघ, ही माथ्यावरसून सुरू होता आणि खाली येता,” ती विराजला म्हणाली. “खाली येता, तर उत्तरात उणे होया.” आणि तिने उत्तराआधी एक छोटी आडवी रेघ मारली.

विराजने झेरॉक्स नाचवली. “खंय आसा तुझा उणे? दाखय.”

“झेरॉक्सात उठूक नसात.”

“तिघांच्याय झेरॉक्सात? पुस्तक लिवणाऱ्यापेक्षा तू शाणा?”

किशोरी हसली. “गो, तुझी लाट मालवणातली आसतली. पुस्तकातली वेगळी.”

“भांडू नकात,” सर म्हणाले. “उणे नको म्हणणारे, हात वर.”

दोन हात वर गेले. सर गौरजाकडे बघत राहिले. रागाने नाही, वाट बघत. मग तिसरा हात वर आला.

“आसांदे, सर.”

“मग तूच पुस.”

तिने डस्टर घेतले नाही. अंगठ्याने ती रेघ पुसली. डस्टर साऱ्या अंगावरून जाते, त्याचे काही वाटत नाही. अंगठा एकाच जागी फिरत होता. मग सरांनी त्याभोवती चौकट केली.

पट : ३. हजर : २.

किशोरीच्या आईने सांगितले, बारावी तरी नीट कर.

पट : ३. हजर : १.

विराज तारकर्लीला बोटीवर लागला. जाताना म्हणाला, “आता सगळो फळो तुझो गो!” खरेच झाला. गौरजा पांढऱ्या रेघा ओलांडून या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायची. पावसाळाभर, थंडीभर. मित्रांनो, इतके सुंदर काम माझ्यावर कधीच झाले नव्हते. फक्त चौकट चुकवून ती पुढे जायची. आणि जिथे गरज पडेल तिथे चौकटीतले उतरवायची.

निकाल

भूगोल ७८. अर्थशास्त्र ७१. गणित ३६, पास ४०.

सरांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. पाच ठिकाणी लाल गोल होते, पाचही ठिकाणी तीच रेघ नव्हती. सर प्रत हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी फडके ओले करून आणले आणि चौकट घासू लागले. दोन पावसाळ्यांच्या ओलीने खडू आत मुरला होता. काळी पूड निघाली, फणसाचे पिवळे लाकूड दिसू लागले, तरी चौकट दिसतच राहिली.

गौरजा शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा ते घासतच होते.

“माझा चुकला गो,” सर म्हणाले.

“सर, हात मीय वर केललंय.”

“पुन्हा बसायचं काही...”

“योजना बंद झाली. तुमीच सांगितलास.”

“मग दोन वर्षं तरी जा कोल्हापूरला.”

“अर्धी डिग्री घेवन काय करू, सर?” ती म्हणाली. “सोमवारपासून काजू फॅक्टरीत जातंय. अख्खे एकीकडे, तुकडे एकीकडे.”

फॅक्टरीतले ते काम तिने हाताने करून दाखवले. सर हसायला गेले. हसू आले नाही.

पट : ३. हजर : ०.

आता मी पोषण आहाराच्या खोलीबाहेर आडवा आहे. तिथे स्वयंपाक करणाऱ्या मथुराबाई माझ्याआड सरपण ठेवतात, पावसाची झड लागू नये म्हणून. त्यांची तक्रार एवढीच, की मी जड आहे.

मित्रांनो, आमची निगा राखा, जुन्या वस्तू जपा, अशी विनवणी मी इथे करायला हवी. मला मात्र कोणी जपायला नको होते. कुठे चौकट दिसली तर तिच्यावर पाणी मारा आणि आतले पुन्हा मांडून बघा. कोणी एकटी वेगळे म्हणत असेल तर हात मोजू नका. तिला लाट पुन्हा काढायला सांगा.

एवढे केलेत तरी गौरजाला त्याचा उपयोग नाही. सकाळी सात दहाची एस.टी. शाळेवरून जाते. जाताना शाळा डाव्या खिडक्यांतून दिसते. गौरजा उजवीकडे बसते.