दहाव्या पट्ट्यावर

"हा मासा मठ्ठ आहे," सर म्हणाले आणि वहीत तसं लिहूनही मोकळे झाले. "मावशी, काढा त्याला. दुपारपर्यंत टाकी रिकामी हवी."

त्या वहीत खाडाखोड केली तर शेजारी सही करायची, हा सरांचाच नियम. मावशींनी एकदा पाण्याचं तापमान चुकीचं लिहिलं, तेव्हा सरांनी चारचौघांत त्यांची सही घेतली होती.

प्रयोगशाळेत 'काढणं' म्हणजे मारणं, हे बारा वर्षं टाक्या घासून मावशींना पाठ होतं. त्यांनी खुंटीवरची जाळी घेतली आणि पाठीमागे धरली.

"नाही काढणार."

सर चष्म्यावरून बघतच राहिले. टाक्या घासणारी बाई आपल्याला नाही म्हणते, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

लांबट टाकीच्या काचेच्या तळाखाली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कागद सरकवलेला असे. माशाने टाकीच्या एका टोकाच्या दारातून निघायचं, सत्तर सेंटिमीटर पोहून मागे फिरायचं, की खाऊ. पोहताना खालून मागे जाणाऱ्या पट्ट्यांवरून तो अंतर ताडतो, हे सरांचंच म्हणणं. महिनाभर तो अचूक वळला. सोमवारपासून मात्र वीतभर आधीच वळत होता.

"मासा नाही चुकत. तुमचा कागद चुकतोय."

"नवाकोरा कागद आहे. मी स्वतः छापून आणलाय."

"म्हणूनच म्हणते!"

सरांचे कान लाल झाले. "मावशी, ज्याचं काम त्यानं करावं."

"तेच करतेय. माझा ब्रश बरोब्बर एका पट्ट्याएवढा. सोमवारपासून तो शेजारच्या पट्ट्यावर बोटभर चढतोय. मासा आधीही दहाव्या पट्ट्यावर वळायचा, आजही दहाव्यावरच वळतो. घाला जुना कागद."

"आणि तरीही चुकला तर?"

मावशींनी पाठीमागची जाळी पुढे घेतली. "तर मीच जाळी घालीन."

जुना कागद सरकवला. दार उघडलं. मासा निघाला आणि नेमका काल वळला होता तिथे येऊन रेंगाळला. 'चल रे बाबा,' मावशी पुटपुटल्या. मासा शेपटी हलवून पुढे गेला, सत्तरच्या खुणेवर पोचला आणि झोकात वळला.

सरांनी गुपचूप मोजपट्टी काढून नवा कागद मोजला. कागदावर मावावेत म्हणून छपाईयंत्राने पट्टेच अरुंद करून छापले होते.

"बरं, राहू दे मासा," ते म्हणाले आणि निघाले.

"थांबा. वहीत मठ्ठ लिहिलंय."

"लिहिलं असेल. काय फरक पडतो?"

"त्याला नसेल पडत. मला पडतो. खोडा ते."

सरांनी एक रेघ ओढली आणि पेन ठेवलं. मावशींनी ते उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"शेजारी सही."

सही झाल्यावरच मावशींनी जाळी खुंटीला अडकवली.