ओढून पाहिलेला जोड

चैत्राचं ऊन पडवीच्या फरशीवर उतरलं, की आमच्या घरात तापलेल्या राळेचा वास दरवळायचा, आणि त्या वासाच्या मध्यभागी माझी थोरली बहीण, अक्का, लाल-काळ्या वायरींना डाख लावत, म्हणजे सोल्डरिंग करत, एकाग्र बसलेली असायची. हौशी रेडिओचा परवाना असलेली पंचक्रोशीतली ती एकटीच बाई. प्लग एकमेकांत सरकवून ‘टक्’ असा आवाज ती ऐकायची आणि लेकराच्या सदऱ्याचं बटण ओढून बघावं तशी वायर दोनदा ओढायची.

“नुसतं ऐकताना बॅटरीवर वझं नसतंय, ढिला जोडबी चालतोय,” ती मला सांगायची. “बटण दाबून बोलाया गेलं की खरी ताकद लागती. तवाच त्यो दगा देतोय.”

येडशीच्या बाजूला आमच्या डोंगरावर देवीची जत्रा भरते. तिथं मोबाइलला रेंज नसते, म्हणून रेडिओचा एक संच वर देवळापाशी आणि दुसरा पायथ्याला, अँब्युलन्सजवळ ठेवतात. दोन्हींच्या वायरी वर्षानुवर्षं अक्काच्या हातच्या. त्या वर्षी कमिटीनं वरच्या संचाला नवी बॅटरी आणली, दातेरी चिमट्यांच्या बारीक वायरींसकट. चिमटे नकोत, अक्का म्हणाली. अध्यक्ष हसले.

“ताई, दिवा लागलाय, आवाज येतोय. अजून काय पायजे? तुमी खाली सावलीला बसा.”

ती पायथ्याच्या संचापाशी जाऊन बसली. बाईनं नुसतं ऐकायचं, एवढं त्यांना चालत होतं.

माध्यान्हीला ऊन कातळावरून परतत असताना आमचे वडील, आबा, देवळाच्या ओट्यावर छातीला हात लावून कलले. मी तिथंच होतो; वरच्या संचाचा माईक हिसकावला, बटण दाबलं, ओरडलो, “अक्का, आबांना—” आणि संचाचा दिवाच मालवला. बटण सोडलं की तो लागायचा, दाबलं की जायचा. चिमटे दाबले, पिळले, तेच. आणि खालून अक्का विचारत होती, “परत बोल. आबांना काय? परत बोल.” तिचा शब्द न् शब्द आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. शेवटी मी पायऱ्या उतरत धावलो. डॉक्टर वर पोचले तेव्हा आबा गेले होते.

“देवीच्या दारात मरण आलं, नशीबवान माणूस,” दहाव्याला अध्यक्ष म्हणाले. पुढच्या जत्रेला कमिटीनं जाड वायरी आणि चांगले प्लग आणले. बैल गेला नि झोपा केला! मला त्या माणसांचा राग आजही येतो, आणि तो कधी जाऊ नये असंच वाटतं.

अक्का आता सांजवेळी संच लावते, पण फक्त ऐकायला. परप्रांतीचे स्वर पडवीत येतात, क्षणभर थरथरतात आणि विरतात. कुणी तिला साद घालतं, तरी तिचं बोट बटणाकडे जात नाही. वायर मात्र आधी दोनदा ओढून बघते. काळ सगळं पुसत नेतो म्हणतात. आबांचा चेहराही आताशा माझ्या स्मृतीत धूसर होत चाललाय, पण डोंगरावर ऐकलेलं अक्काचं ‘परत बोल’ अजून तितकंच स्वच्छ ऐकू येतं, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही.